आमदाराने निधी आणायचा की निधीचा हिशोब विचारायचा?

पोस्ट मोठी आहे, वेळ असेल तेव्हा वाचा, पण वाचा.

आपल्याकडे आमदार चांगला की वाईट हे ठरवायचं एकच माप झालंय, निधी किती आणला. चौकात बॅनर लागतो, "विशेष प्रयत्नातून अमुक कोटींचा निधी मंजूर", खाली कार्यकर्त्यांच्या फोटोंची रांग, आणि आपणही म्हणतो की माणूस काम करतोय. मी गेले काही महिने विधानमंडळाच्या प्रश्नोत्तरांच्या याद्या वाचतोय, त्या वेबसाईटवर कोणालाही उघडता येतात, आणि जितकं वाचतोय तितकं माझं मत पक्कं होतंय की निधी आणणं हे आमदाराचं मुख्य काम नाहीच. सरकारने आपला पैसा कुठे घातला, किती घातला, कुठे अडकला हे सभागृहात उभं राहून विचारणं हे मुख्य काम आहे. आणि पहिल्या कामाने दुसरं काम जवळजवळ खाऊन टाकलंय.

या याद्या कशा असतात ते सांगतो. तारांकित प्रश्न म्हणजे ज्याला मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचं असतं आणि त्यावर आमदार उपप्रश्न विचारू शकतात. प्रश्न ठरलेल्या साच्यात येतो, अमुक ठिकाणी अमुक झाले हे खरे आहे काय, असल्यास शासनाने चौकशी केली आहे काय, त्यानुसार कोणती कार्यवाही केली, नसल्यास विलंबाची कारणे काय आहेत. उत्तर पण साच्यातच. हे खरे नाही, किंवा हे अंशतः खरे आहे, मग एक परिच्छेद, आणि शेवटी प्रश्न उद्भवत नाही. वाचायला कंटाळवाणं वाटतं हे मान्य आहे. पण सरकारी ऑफिसात काम केलेल्या कोणालाही विचारा, "एलएक्यू आलाय", म्हणजे विधानसभेतला प्रश्न आलाय, म्हटलं की काय धावपळ होते. मंत्रालयातून जिल्ह्याला फोन, जिल्ह्यातून तालुक्याला, जी फाईल कपाटात पडून होती ती दोन तासात टेबलावर, कारण सभागृहात खोटी माहिती गेली तर हक्कभंग येऊ शकतो याची भीती असते. माहिती अधिकारात आपण अर्ज टाकतो, महिनाभर थांबतो, मग अपिलात जातो. आमदाराच्या एका प्रश्नाने तेच काम होतं. इतकी ताकद हातात आहे आणि ती बऱ्याचदा वापरलीच जात नाही किंवा गल्लीतल्या रस्त्यासाठी वापरली जाते याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता दवाखान्याचं घ्या, कारण माझा जीव तिथे अडकलाय. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत केले, चांगला निर्णय होता, मी तेव्हा कौतुकाची पोस्ट पण टाकली होती. पण आमच्या घरात वयस्कर माणसं आहेत, शुगर, बीपी, सगळं आहे, आणि तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात गेलं की केसपेपर फुकट आणि गोळ्यांची चिठ्ठी बाहेरच्या मेडिकलची. हे एका दवाखान्याचं नाही, कोणत्याही तालुक्यातल्या माणसाला विचारा. मग मला प्रश्न पडला की औषधाला बजेटमधे पैसा असतो ना, तो जातो कुठे.

ते शोधत गेलो तर मोठी गोष्ट निघाली. २०१७ मधे राज्य सरकारने ठरवलं की सरकारी दवाखान्यांची औषधं आणि मशिनरी यांची खरेदी हाफकिन या राज्य सरकारच्याच महामंडळामार्फत एका ठिकाणाहून करायची. कल्पना वाईट नव्हती, एकत्र खरेदी केली तर भाव कमी मिळतो. पण टेंडरं रखडली, पुरवठा वेळेवर होईना, दवाखाने रिकामे, आणि पैसा मात्र खात्यातून निघून हाफकिनकडे जमा. शेवटी २०२३ मधे त्यासाठी वेगळं वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण कायदा करून उभं करायची वेळ आली. आणि त्याच वर्षी ऑगस्टमधे कळव्याच्या हॉस्पिटलमधे एका दिवसात १८ मृत्यू झाले, सप्टेंबर संपता संपता नांदेडच्या शासकीय हॉस्पिटलमधे २४ तासात २४ माणसं गेली, त्यात १२ नवजात बाळं. सरकारने औषधांचा तुटवडा नव्हता असं सांगितलं, हायकोर्टाने स्वतःहून दखल घेतली. कारणांबद्दल वाद आहे, तो मी इथे सोडवू शकत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की औषध खरेदी हा क्लार्कांचा कोरडा विषय नाहीये. १९८६ मधे जे. जे. हॉस्पिटलमधे भेसळीच्या ग्लिसरॉलने १४ पेशंट गेले होते, लेंटिन आयोग बसला होता, खरेदीपासून तपासणीपर्यंत सगळं उघडं पडलं होतं. इतक्या वर्षांपूर्वीच आपल्याला कळलेलं आहे की खरेदीच्या फाईलवर माणसाचा जीव असतो.

मग कॅगने, म्हणजे सरकारी हिशोब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांनी, या सगळ्याचं ऑडिट केलं. राज्याच्या आरोग्य व्यवस्थेवरचा तो रिपोर्ट डिसेंबर २०२४ मधे नागपूर अधिवेशनात सभागृहापुढे आला. सार्वजनिक आरोग्य विभागात डॉक्टरांच्या २७ टक्के, नर्सच्या ३५ टक्के आणि पॅरामेडिकल स्टाफच्या ३१ टक्के जागा रिकाम्या, औषधांच्या मागणीतला मोठा हिस्सा हाफकिनने पुरवलाच नाही, हे सगळं त्यात लिहिलंय. म्हणजे नर्सच्या तीन जागांपैकी एक रिकामी. आणि हा रिपोर्ट मांडला कधी तर अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी. आमदार बॅगा भरून निघालेले, चर्चा कधी करणार? हे एकदाच झालेलं नाही, कोणतंही सरकार असो, कॅगचे रिपोर्ट शेवटच्या दिवशीच टेबलावर येतात ही आपल्याकडे रीतच पडलीय. घटनेच्या १५१ व्या कलमात रिपोर्ट विधिमंडळापुढे ठेवायचा असं आहे, कधी ठेवायचा ते नाही, त्या फटीतून सगळं निसटतं. मग पुढे आमदारांची लोकलेखा समिती त्यातले काही परिच्छेद घेते, सचिवांना बोलावते, साक्षी होतात, पण तोपर्यंत वर्षं गेलेली असतात, अधिकारी बदललेले असतात आणि पेपरमधे चार ओळी पण येत नाहीत.

आणि पैसे मंजूर करण्याचा स्पीड बघा. जुलै २०२४, विधानसभा निवडणुकीच्या आधीचं अधिवेशन, ९४,८८९ कोटींच्या पुरवणी मागण्या. अधिवेशनाच्या शेवटच्या आठवड्यात मांडल्या आणि त्याच आठवड्यात मंजूर. जून २०२५ मधे परत ५७,५०९ कोटींच्या, डिसेंबर २०२५ मधे ७५,२८६ कोटींच्या. पुरवणी मागणी म्हणजे बजेटमधे जे धरलं नव्हतं किंवा कमी पडलं त्याच्यासाठीचा जादा पैसा, अचानक आलेल्या खर्चाची सोय म्हणून ती घटनेत आहे. पण दर अधिवेशनाला हजारो कोटींच्या यायला लागल्या की मग मार्चमधे तास न् तास भाषण करून मांडलेल्या बजेटला अर्थ काय राहिला, हा प्रश्न आमदारांनी नाही विचारायचा तर कोणी विचारायचा? मार्चच्या बजेटमधे सुद्धा काही खात्यांवर चर्चा होते आणि उरलेल्या खात्यांच्या मागण्या चर्चेशिवाय एकदम मताला टाकतात, होयचे बहुमत, होयचे बहुमत, मंजूर.

मे २०२५ मधे सामाजिक न्याय खात्याचे ४१० कोटी आणि आदिवासी विकासचे ३३५ कोटी लाडकी बहीणकडे वळवले तेव्हा पहिली जाहीर तक्रार कोणी केली आठवतंय? खुद्द सामाजिक न्याय मंत्री संजय शिरसाट यांनी, कॅमेऱ्यासमोर. बहिणींना पैसे मिळावेत, माझ्या घरात पण येतात, त्याला माझा विरोध नाही. पण आदिवासी मुलांच्या वसतिगृहाचं खातं आणि मागासवर्गीय मुलांच्या स्कॉलरशिपचं खातं, तिथून पैसा हलवताना सभागृहात आधी कोणी विचारलं नाही, मंत्र्यालाच मीडियात बोलावं लागलं.

कोणी म्हणेल विरोधी पक्षच उरला नाही तर विचारणार कोण. खरंय, २०२४ च्या निकालात २८८ पैकी महायुतीचे २३० आमदार आले आणि विरोधातल्या एकाही पक्षाचे २९, म्हणजे दहा टक्के, झाले नाहीत, म्हणून विधानसभेत विरोधी पक्षनेता नाही. परिषदेतले अंबादास दानवे ऑगस्ट २०२५ मधे निवृत्त झाले आणि डिसेंबरच्या अधिवेशनात दोन्ही सभागृहं विरोधी पक्षनेत्याशिवाय चालली. मला हे अजिबात पटत नाही, दहा टक्क्यांचं कारण पुढे करून ती खुर्ची रिकामी ठेवू नये. पण मी अजून एक म्हणतो, प्रश्न विचारणं हे फक्त विरोधकांचं काम आहे हे कोणी ठरवलं? जे मंत्री आहेत ते सरकार, बाकीचे सगळे आमदार सभागृहाचे सदस्य, मग ते कोणत्याही बाकावर बसोत.

फिरोज गांधींचं उदाहरण मला म्हणूनच फार मोठं वाटतं. १६ डिसेंबर १९५७, लोकसभा. काँग्रेसचा खासदार, स्वतःचे सासरे पंतप्रधान, आणि हा माणूस उभा राहून एलआयसीने उद्योगपती हरिदास मुंध्राच्या कंपन्यांचे सव्वा कोटींच्या आसपासचे शेअर्स का घेतले हे आकड्यांसकट विचारतो. एलआयसी सरकारी होऊन वर्ष दीड वर्षच झालेलं, पैसा सामान्य लोकांच्या हप्त्यांचा. मग मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश छागला यांचा आयोग नेमला, आपल्या मुंबईतच खुली सुनावणी झाली, ऐकायला लोकांची गर्दी, आणि अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारी यांना राजीनामा द्यावा लागला. हे सगळं सत्ताधारी बाकावरून सुरू झालं. आजही असं अगदीच होत नाही असं नाही, २०२५ मधे सुधीर मुनगंटीवार स्वतःच्याच सरकारला सभागृहात सुनावताना आपण पाहिलं. पण अशी नावं घ्यायला लागलो की यादी फार लांबत नाही.

का लांबत नाही याचं माझं उत्तर परत निधीशीच येतं. आमदाराला वर्षाला स्वतःचा स्थानिक विकास निधी ५ कोटी असतो, तो त्याच्या हक्काचा. त्याच्या वरचं जे काही बॅनरवर दिसतं, ग्रामविकास खात्याच्या २५-१५ या हेडची कामं, नगरविकासचा विशेष निधी, बांधकाम खात्याचे रस्ते, ते सगळं मंत्र्याच्या सहीवर आणि मर्जीवर. जुलै २०२२ मधे सरकार बदललं आणि आधीच्या सरकारने मंजूर केलेल्या कामांना स्थगिती आली, विरोधात गेलेल्या आमदारांना कोर्टाची पायरी चढावी लागली, तेव्हा प्रत्येक आमदाराला धडा मिळाला की निधी कोणाच्या हातात आहे. ज्याच्या दारात उसने मागायला रोज उभं राहायचं त्याला त्याच्या घरचा हिशोब कोण विचारेल? आणि आमदाराला त्या दारात कोण पाठवतं, तर आपणच. सभामंडप पाहिजे, पेव्हर ब्लॉक पाहिजे, कमान पाहिजे. या पाच वर्षात तुम्ही आरोग्य खात्याला किती प्रश्न विचारले हे मतं मागायला आलेल्या आमदाराला विचारणारा माणूस मी अजून पाहिला नाही.

खाली तर अजून वाईट होतं. प्राथमिक आरोग्य केंद्र आणि गावची शाळा जिल्हा परिषदेची, आणि मार्च २०२२ नंतर बहुतेक जिल्हा परिषदांवर प्रशासक. मुंबई महापालिकेत पण ७ मार्च २०२२ ला मुदत संपली ती जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत २२७ पैकी एकही नगरसेवक नाही. ७४ हजार कोटींचं बजेट, आयुक्तच प्रस्ताव मांडणार आणि प्रशासक म्हणून आयुक्तच मंजूर करणार. ६ हजार कोटींच्या वरची काँक्रीट रस्त्यांची कंत्राटं याच काळात निघाली. खर्चाचे प्रस्ताव मंजूर करणाऱ्या नगरसेवकांच्या स्थायी समितीत काय काय चालायचं हे मला कोणी सांगायला नको, तिथे भांडणं पण व्हायची आणि वाटाघाटी पण. तरी तिथे प्रस्ताव राखून ठेवला जायचा, दफ्तरी दाखल म्हणजे नामंजूर व्हायचा, पत्रकार दारात बसलेले असायचे, दुसऱ्या दिवशी पेपरला यायचं. जवळपास चार वर्षं ती जागाच नव्हती.

मला वाटतं चांगला प्रश्न कसा असतो हे आपणच आमदारांना लिहून द्यायला पाहिजे. "औषधांचा तुटवडा आहे हे खरे आहे काय" असं विचारलं की "हे खरे नाही" म्हणून मोकळे. त्यापेक्षा असं विचारायचं की अमुक ग्रामीण रुग्णालयाला या वर्षी औषधांसाठी किती तरतूद होती, त्यातली किती रक्कम प्रत्यक्ष वितरित झाली, कोणत्या तारखेला, किती खर्च झाली आणि ३१ मार्चला किती परत गेली. तरतूद, वितरण, खर्च, परत. हे चार आकडे आले की अंशतः खरे आहे म्हणायला जागा उरत नाही. बजेटमधला आकडा मोठा दिसतो, वितरण डिसेंबरनंतर होतं, मार्च एंडला घाईने बिलं निघतात किंवा पैसे परत जातात, खरा खेळ या मधल्या रकान्यांत आहे आणि प्रश्नांत नेमके तेच रकाने नसतात.

मी आमच्या आमदारांना असा प्रश्न लिहून दिलाय, रीतसर अर्जासारखा, पोच घेतलीय. ते माझ्या आवडत्या पक्षाचे नाहीत पण माझे आमदार तेच आहेत. पुढच्या अधिवेशनाची यादी लागली की त्यात आपल्या तालुक्याच्या दवाखान्याचा प्रश्न आला का ते बघून इथेच टाकतो, आला तर उत्तरासकट. आणि तालुक्यातल्या ज्यांना ज्यांना या वर्षभरात सरकारी दवाखान्यातून बाहेरच्या औषधाची चिठ्ठी मिळाली असेल त्यांनी पेशंटचं नाव झाकून तिचा फोटो मला इनबॉक्स करा, तारीख दिसली पाहिजे. त्या प्रश्नासोबत जोडायच्यात.