हर्त्सोगांचा पुतळा कुणी फोडला नाही

नेल्सन मंडेलांच्या प्रिटोरियातल्या पुतळ्याचा फोटो कुणी टाकला, की खाली हा मजकूर येतोच: ‘युनियन बिल्डिंग्ज वर्णभेदी सरकारने बांधली. लोकशाही येताच तिथला गोऱ्या पंतप्रधानाचा पुतळा फोडून मंडेलांचा बसवला. जिंकणारे असंच करतात.’ यातलं एकही वाक्य टिकत नाही.

युनियन बिल्डिंग्ज म्हणजे दक्षिण आफ्रिकेच्या सरकारचं मुख्यालय. इमारत १९१० ते १९१३ मधली. वास्तुकार हर्बर्ट बेकर. दिल्लीचे नॉर्थ आणि साउथ ब्लॉक त्यांचेच. वर्णभेद हे सरकारी धोरण झालं १९४८ पासून. म्हणून ही वास्तू निष्पाप ठरत नाही. तिच्या दोन जुळ्या बाजू इंग्रज आणि बोअर (डच वंशाचे आफ्रिकानर) या दोन गोऱ्या समाजांच्या ऐक्याची खूण. काळ्या बहुसंख्याकांना त्या ऐक्यात जागाच नव्हती. १९१३ च्याच कायद्याने त्यांच्या जमीन घेण्याच्या हक्कावर गदा आणली. सगळं पाप १९४८ नंतरच्यांवर टाकलं, की हा आधीचा अन्याय नजरेआड होतो.

आता पुतळा. तो गोरा पंतप्रधान म्हणजे जे. बी. एम. हर्त्सोग. लोकशाही आल्यावरही ते १९ वर्षं मूळ जागीच उभे होते. नोव्हेंबर २०१३ मध्ये त्यांना त्याच बागेत दुसरीकडे हलवलं. फोडणं आणि हलवणं यात फरक आहे, आणि इथे तोच महत्त्वाचा आहे.

मंडेलांचा ९ मीटर उंच ब्राँझचा पुतळा नीट बघा. मूठ आवळलेली नाही, दोन्ही हात पसरलेले आहेत. अनावरण १६ डिसेंबर २०१३ ला झालं, त्यांच्या दफनाच्या दुसऱ्या दिवशी. १८३८ मध्ये याच तारखेला झुलूंवर मिळवलेला विजय आफ्रिकानर लोक पिढ्यानपिढ्या साजरा करत आले. १९६१ मध्ये मंडेलांच्या सहकाऱ्यांनी सशस्त्र लढा सुरू केला तोही याच तारखेला. १९९५ पासून तो समेटाचा दिवस म्हणून पाळतात. सूड उगवायचा असता तर ही तारीख कशाला निवडली असती?

मला सर्वांत जास्त खटकतं ते त्या मजकुरात नसलेलं. ९ ऑगस्ट १९५६ ला सुमारे २०,००० स्त्रिया पासच्या, म्हणजे काळ्यांना जवळ बाळगाव्या लागणाऱ्या परवान्याच्या, सक्तीविरुद्ध याच इमारतीवर चालून आल्या. कित्येकींच्या पाठीला तान्ही मुलं बांधलेली होती. पंतप्रधानांच्या दाराशी अर्जांचे गठ्ठे ठेवून त्या ३० मिनिटं नि:शब्द उभ्या राहिल्या. त्यांचं स्मारक २००० पासून या इमारतीतच आहे: दळायचा दगड. झुलू भाषेत ‘इम्बोकोडो’, आपल्याकडचा वरवंटा.