सुजाण शेजाऱ्यांसाठी चार गोष्टी

शेजारच्या फ्लॅटमधून पहिल्यांदा आवाज येतो तेव्हा माणूस जरा गोंधळतो. भांडं आपटलं की बाई, हे भिंतीपलीकडून चटकन उमगत नाही. अशा वेळी उतावीळपणा नको. टीव्हीचा आवाज वाढवावा. मुलांनी विचारलंच, तर 'काका-काकू फर्निचर हलवतायत' म्हणावं. रात्री साडेअकराला फर्निचर कोण हलवतं, असं विचारण्याइतकी मुलं मोठी झाली, की 'अभ्यास कर' म्हणावं.

मग मनाशी ठरवावं, की हा त्यांच्या घरचा मामला आहे. घरचा मामला म्हणजे नक्की काय, हे सोसायटीत राहिल्याशिवाय कळत नाही. 302 मध्ये भाड्याने राहणाऱ्या मुलींकडे रविवारी कोण आलं, कोणाच्या खिडकीतून सुक्या बोंबलाचा वास येतो, दुपारी दोन ते चारमध्ये ड्रिल कोणी लावलं, ओला कचरा सुक्यात कोणी टाकला, हे सगळे सार्वजनिक प्रश्न. त्यावर ग्रुपवर मध्यरात्रीपर्यंत चर्चा होते, दंडही बसतो. बायकोचं डोकं दारावर आपटणं तेवढं खासगी. शिवाय आपटणारे आपले चिटणीस. गणपतीचा हिशोब पै-पैसा लावून देतात, नोटीस बोर्डावर त्यांचं अक्षर बघत राहावं असं. असा माणूस उगाच हात उचलेल का? टाळी एका हाताने वाजत नाही, असं म्हणून विषय संपवावा. कानाखाली वाजते, पण ते राहू द्या.

दुसऱ्या दिवशी ती लिफ्टमध्ये भेटेल. मे महिन्यात लांब बाह्यांचा ब्लाउज, डोळ्याखाली पावडरचा थर. चौकशी जरूर करावी, नाहीतर माणुसकी ती काय? फक्त सासूबाई सोबत असतानाच करावी, म्हणजे उत्तर सोपं येतं: 'बाथरूममध्ये पाय घसरला.' लगेच रबरी मॅट कुठे स्वस्त मिळते ते सांगावं. महिन्यातून तीनदा घसरणाऱ्या बाईला मॅटची खरंच गरज असते.

तुम्ही एकटे आहात, असं मात्र समजू नका. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात लोकांना सात कारणं वाचून दाखवली होती: न सांगता बाहेर जाणं, स्वयंपाक नीट न करणं, उलट बोलणं, सासरच्यांचा मान न ठेवणं वगैरे. यांपैकी एखाद्या तरी कारणासाठी नवऱ्याने मारणं योग्य, असं 44 टक्के पुरुष म्हणाले. बायका 45 टक्के. म्हणजे बायकाच एका टक्क्याने पुढे. आता तुम्ही-आम्ही मध्ये बोलणारे कोण?

काही लोक नसतं काहीतरी डोक्यात भरवतात, त्यांच्यापासून जपून. 2008 साली 'बेल बजाओ' नावाची मोहीम निघाली होती. शेजारी मारहाण ऐकू आली तर नुसती दारावरची बेल वाजवा आणि काहीतरी साधं मागा, वाटीभर दूध वगैरे. तेवढ्याने हात थांबतो म्हणे. आपल्याकडे दूध असताना मागायचं कशाला?

2005 चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा तर वाचूच नये. त्यात लिहिलंय, की अशी हिंसा होत असल्याची खबर कोणीही संरक्षण अधिकाऱ्याला देऊ शकतं, आणि ती प्रामाणिकपणे दिली असेल तर देणाऱ्यावर कसलीही जबाबदारी येत नाही. हे एकदा वाचलं, की 'नसती कोर्टाची पायरी चढायला कोणी सांगितलंय' हे आपलं ठेवणीतलं वाक्य बाद होतं. एवढं चांगलं वाक्य असं वाया घालवू नये.

एवढं सांभाळूनही कधीतरी घोळ होतोच. 302 मधली एखादी पोरगी 112 फिरवते. गेटवर पोलिसांची गाडी उभी राहते, वॉचमन सलाम ठोकतो, गॅलऱ्या भरतात. अशा वेळी विचलित न होता दुसऱ्या दिवशी तातडीची सभा बोलवावी. पोलीस आले म्हटल्यावर फ्लॅटचे भाव पडतात, हा मुद्दा पहिला घ्यावा. 302 च्या मालकाला, एका महिन्यात मुलींना खोली खाली करायला लावा, अशी नोटीस द्यावी. मसुदा चिटणीसच करून देतील. उजव्या हाताला थोडी सूज आहे, पण अक्षर तसंच सुरेख येतं.