व्हीईजीएफला खलनायक करू नका

मधुमेहाने डोळ्यांवर होणाऱ्या परिणामांबद्दलच्या लेखात व्हीईजीएफला, म्हणजे रक्तवाहिन्या वाढवायला लावणाऱ्या प्रथिनाला, ‘दृष्टी चोरणारं प्रथिन’ म्हटलंय, ते पटलं नाही. प्राणवायू कमी पडला की पेशी हे प्रथिन बाहेर सोडतात. शेजारच्या रक्तवाहिनीला ती हाकच असते, इकडे नवी फांदी काढ म्हणून. गर्भाचं तर याच्यावाचून चालतच नाही. उंदरात या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक जरी गेली तरी पिल्लू पोटातच मरतं, हे १९९६ मध्येच दिसून आलंय. मधुमेहात डोळ्याच्या पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्या बिघडतात, उपाशी पेशी हाका मारत सुटतात आणि वाहिन्या पाझरायला लागतात. मूळ दुखणं साखरेचं आहे.

माझ्या आईला कॅलेंडरवरच्या सरळ रेघा वाकड्या दिसायला लागल्या, तेव्हा आम्ही तिला मिरजेला नेलं. डोळ्यात सुई म्हटल्यावर तिने माझा हात घट्ट धरून ठेवला होता. तिसऱ्या इंजेक्शननंतर तासगाव गाडीची पाटी तिने स्वतः वाचली! पण सुईतलं औषध तयार झालेलं व्हीईजीएफ फक्त अडवतं, ते तयार होणं थांबवत नाही. असर ओसरला की सूज परत येऊ शकते. हे लेखात यायलाच हवं होतं. आमच्या ओळखीतले जतचे एक काका पहिल्या सुईनंतर बरं वाटलं म्हणून परत गेलेच नाहीत.