‘सेंड-बस आता कालबाह्य’ हे म्हणणं का चुकतं

होम स्टुडिओ करणाऱ्यांमध्ये एक सल्ला फार फिरतोय: "सेंड-बस ही जुन्या मशिनांच्या काळातली सोय. आता कॉम्प्युटर दणकट आहेत, प्रत्येक ट्रॅकवर रिव्हर्ब टाका आणि वेट नॉब फिरवा. सेंडने उगाच आवाज फुगतो." नवशिके हे मनावर घेतात, म्हणून लिहितोय. सेंड-बस म्हणजे प्रत्येक ट्रॅकच्या आवाजाचा थोडा हिस्सा (सेंड) एका सामाईक वाटेवर (बस) पाठवून तिथल्या एकाच इफेक्टमधून नेणं. रिव्हर्ब म्हणजे खोलीतल्यासारखा घुमारा देणारा इफेक्ट; वेट म्हणजे इफेक्ट झालेला आवाज, ड्राय म्हणजे मूळ आवाज.

जुनी सोय? सुरुवात टंचाईतून झाली, हे खरं. १९५७ साली आलेला ईएमटी १४० हा प्लेट रिव्हर्ब म्हणजे आठेक फूट लांब पेटारा, आत ताणून बसवलेला पोलादी पत्रा. असे किती ठेवणार? मग सगळे चॅनेल त्यातच थोडा थोडा आवाज पाठवायचे. पण त्यामुळे सगळे वादक एकाच खोलीत बसल्यासारखे वाटायचे, आणि ते आजही हवंच आहे.

वेट नॉबने तेच होतं? सगळीकडे सेटिंग अगदी सारखं ठेवलं, तर जवळजवळ तेच ऐकू येईल. खरी गंमत रिटर्नवर, म्हणजे रिव्हर्ब बसवलेल्या त्या सामाईक चॅनेलवर आहे. अभंगाचं मिक्सिंग घ्या: गायक, पेटी, पखवाज, टाळ, सगळ्यांचे सेंड एकाच रिव्हर्बकडे. पखवाजाच्या डाव्या पुडीचा घुमारा रिव्हर्बमध्ये गेला की सगळं गढूळ होतं. रिव्हर्बच्या आधी इक्यू (खालच्या-वरच्या स्वरपट्ट्या कमी-जास्त करणारं साधन) लावून ३०० हर्ट्झखालचं कापा. गढूळपणा जातो आणि मूळ पखवाजाला धक्काही लागत नाही. टाळ चिरचिरतायत? फक्त त्यांचा सेंड उतरवा. रिव्हर्बनंतर कॉम्प्रेसर (आवाज दाबणारं साधन) लावून त्याला गायकाच्या आवाजाचा साइडचेन दिला, म्हणजे कधी दाबायचं ते गायकाच्या आवाजावरून ठरवायला लावलं, की ओळ चालू असताना रिव्हर्ब दबतो, ओळ संपली की वर येतो. शिवाय बऱ्याच प्लगिनमध्ये वेट वाढवला की ड्राय घटतो, म्हणजे गायकच मागे सरकतो.

आवाज फुगतो? तक्रार खरी, निदान चुकीचं. बसवरच्या रिव्हर्बमध्ये वेट १०० टक्के आणि ड्राय शून्य हवा. ड्राय राहिला तर मूळ आवाजाची दुसरी प्रत मिक्समध्ये मिसळते. दोन्ही सारख्या पातळीच्या असतील तर पातळी ६ डेसिबलने चढते.

"पेटीचा फेडर खाली घेतला तरी रिव्हर्ब मागे रेंगाळतो" हीही तक्रार येते (फेडर म्हणजे ट्रॅकची पातळी ठरवणारी सरकपट्टी). तिथे सेंड प्री-फेडर (फेडरच्या आधी निघणारा) राहिलेला असतो, पोस्ट-फेडर (फेडरनंतर निघणारा) करा. प्री-फेडर लागतो तो गायकाच्या हेडफोनसाठी: तुम्ही फेडर कितीही हलवा, त्याच्या कानातली पातळी बदलत नाही.

गेट (ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारं साधन), सूर सुधारणं, ट्रॅकचा स्वतःचा इक्यू मात्र इन्सर्टवरच, म्हणजे थेट ट्रॅकवरच, कारण तिथे मूळ आवाजच बदलायचा असतो.