आयर्न मेडनचा फेरफार

आमच्याकडे 'बँड' म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "लग्नाचे किती घेते?" यवतमाळकडच्या खेड्यात राहून हेवी मेटल ऐकणाऱ्याची परवड इथून सुरू होते. आवाजाची तक्रार कोणाचीच नाही. वरातीच्या डीजेपुढे नाचलेल्या गावाला गिटारीच्या गोंगाटाचं काय अप्रूप? पंचाईत होते ती टी-शर्टवरचं भूत पाहून कोणी चौकशी केली की. मी सांगतो, आयर्न मेडन, लंडनचा बँड, १९७५ सालचा. "म्हंजे तेच लोकं अजून वाजवते?" आता 'हो' म्हणावं तर खोटं, 'नाही' म्हणावं तर अर्धा तास गेला.

हा अर्धा तास वाचावा म्हणून कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर बँडची वंशावळ काढायला घेतली. ती फसणारच होती. वंशावळीत गेलेला माणूस परत येत नाही आणि मुलगा आला म्हणून बापाचं नाव हलत नाही. मेडनमध्ये गिटारवाला डेव्ह मरे १९७६च्या अखेरीस आला, १९७७मध्ये तेव्हाच्या गायकाशी वाजलं म्हणून निघाला, १९७८मध्ये परत आला आणि तेव्हापासून आहे. हे झाडाच्या कोणत्या फांदीवर दाखवणार?

पानठेल्यावर बसणारे निवृत्त कोतवालकाका कागद उलटासुलटा करून म्हणाले, "वंशावळ कायले काढतं बे? सातबारा काढ. फेरफार लाव."

तेव्हापासून सुटलो. म्हणजे अडकलो, पण शिस्तीत अडकलो.

पद्धत अशी. गाव नमुना सातमध्ये जमीन कोणाच्या नावावर ते असतं, बारामध्ये त्या साली पेरलं काय ते, आणि नाव कसं चढलं-उतरलं त्याची नोंद सहामध्ये. बँडलाही हेच लागतं: सातमध्ये माणसं, बारामध्ये अल्बम, सहामध्ये भांडणं. रकाने माणसांचे नाही, वाद्यांचे पाडायचे. गायक एक, गिटारी तीन, बेस एक, ड्रम एक, असे सहा. शिवाय 'इतर अधिकार' म्हणून एक बारका रकाना, कारण बँड काढणाऱ्या स्टीव्ह हॅरिसच्या बेसची, म्हणजे खालच्या सुरांच्या गिटारीची, देखभाल करणारा मायकेल केनी वर्षानुवर्षं मंचाच्या आडोशाला कीबोर्डही वाजवायचा. त्याला मालकीत बसवता येत नाही आणि वगळलं तर पाप लागतं.

कमी झालेलं नाव खोडायचं नाही, कंसात टाकायचं आणि शेजारी गोलात फेरफार क्रमांक लिहायचा. मरे, दुसरा गिटारवाला एड्रियन स्मिथ आणि गायक ब्रूस डिकिन्सन हे तिघंही गेले आणि परत आले. बॉलपेननं खसाखसा खोडलं असेल तर पुन्हा नाव चढवताना कॅलेंडर फाटतं.

बहुतेकांचं गणित चुकतं ते सालात. कव्हर पाहून नावं लिहिणारा हटकून एक वर्ष मागे पडतो. एड्रियन स्मिथ आला १९८०मध्ये, त्याचं पहिलं पीक १९८१चं. ब्रूस आला १९८१मध्ये, पीक १९८२चं. ड्रमवाला निको मॅकब्रेन १९८२च्या डिसेंबरात, पीक १९८३चं. ब्रूसनंतरचा गायक ब्लेझ बेली १९९४, पीक १९९५. उन्हाळ्यात वखरलेल्या वावराचं सोयाबीन दिवाळीलाच घरी येतं, त्यातला प्रकार. म्हणून ताबा कधी घेतला ते सातमध्ये आणि माल कधी निघाला ते बारामध्ये, दोन्ही वेगळं लिहायचं. गिटारवाला यानिक गर्स तेवढा अपवाद: १९९०मध्येच आला, १९९०मध्येच माल काढला.

१९८० ते १९८३ या चार सालांत चार अल्बम निघाले आणि पहिल्यानंतर प्रत्येक वेळी वावरात एक माणूस नवा. १९८१मध्ये डेनिस स्ट्रॅटनच्या जागी स्मिथ, १९८२मध्ये पॉल डियानोच्या जागी ब्रूस, १९८३मध्ये क्लाइव्ह बरच्या जागी निको. आमच्याकडे दर पाडव्याला सालदार बदलणारे शेतकरी आहेत, पण त्यांचं पीक असं येत नाही.

ड्रमच्या रकान्यात तर सरळ साटंलोटं आहे. निको त्याआधी त्रुस्त नावाच्या फ्रेंच बँडमध्ये होता. तो मेडनमध्ये आला आणि मेडनमधून निघालेला बर त्रुस्तमध्ये गेला. हाच बर मेडनच्या आधी सॅम्सन नावाच्या बँडमध्ये वाजवायचा आणि ब्रूसही सॅम्सनमधूनच आला. एवढं सांगितलं की ठेल्यावरचं कोणीतरी म्हणतंच, "म्हंजे सारे सोयरेच हाये."

बेसच्या रकान्यात एकही खाडाखोड नाही. स्टीव्ह हॅरिस, १९७५पासून आजवर. हा मूळ खातेदार. प्लेक्ट्रम, म्हणजे तारा छेडायची चकती, न घेता बोटांनी वाजवतो आणि त्याची ती प्रसिद्ध दौड म्हणजे एक लांब ठोका, दोन आखूड, एक लांब, दोन आखूड. शंकरपटात जोडी सुटली की धुरकऱ्याच्या कानात जे वाजत असेल ते हेच.

गिटारींचा रकाना समजावणं आमच्या भागात सोपं आहे. १९८०च्या दशकात मरे आणि स्मिथ अशी दुफण होती. दोघं एकच चाल थोड्या अंतरानं, एक वरच्या सुरात, एक खालच्या सुरात नेतात. तास वेगळे, दिशा एक. १९९०मध्ये स्मिथ गेला, गर्स आला, दुफण कायम राहिली. १९९९मध्ये स्मिथ परत आला आणि गर्सला कोणी काढलं नाही. दुफणीची तिफण झाली. कोरा ठेवलेला तिसरा रकाना इथे भरायचा. आता तीन दात्यांमधून नेमकं कोणतं बी कोणाचं पडलं हे कानानं ओळखणं अवघड जातं आणि मंचावर तिघांतला एक पाय वर करून उड्या मारत असतो (गर्स), त्यामुळे डोळ्यांचाही उपयोग नाही.

गायकाच्या रकान्यात मला एका माणसाबद्दल वाईट वाटतं. डियानोचा आवाज खरखरीत, रस्त्यावरचा. ब्रूसचा म्हणजे भोंगा. पट्टी जेवढी वर तेवढा तो खुश. १९९३मध्ये ब्रूस गेल्यावर ब्लेझ बेलीला घेतलं. त्याचा आवाज मुळात खालचा आणि मंचावर रोज गायची मात्र ब्रूसच्या पट्टीत रचलेली गाणी. काळ्या मातीचं बियाणं बरड रानात टाकायचं आणि उगवण कमी झाली म्हणून बियाण्याला शिव्या घालायच्या, असा हा न्याय. त्याच्या काळातलं 'द क्लान्समन' पुढे ब्रूसनंही गायलं, म्हणजे पीक वाईट नव्हतं.

हा ब्रूस वैमानिकही आहे. २००८चा दौरा मुंबईत सुरू झाला तेव्हा बँडला घेऊन फिरणारं बोइंग ७५७ तोच चालवत होता. हे मी ठेल्यावर एकदाच सांगितलं. "गानारा इमान चालवते अन् तुले रातच्या लाइनीवर पंप चालू करनं होत नाई" हे तेव्हापासून ऐकतो आहे.

ज्यांना हे फार गुंतागुंतीचं वाटतं त्यांनी ब्लॅक सॅबथच्या वाटेला जाऊ नये. तिथे कायमचं नाव एकच, टोनी आयोमी. गायकांत ऑझी, डिओ, गिलन, ह्यूज, मार्टिन आणि मधे-मधे पुन्हा तेच. त्यात डिओच्या वेळचे चौघं २००६मध्ये पुन्हा जमले ते 'हेवन अँड हेल' हे नाव लावून. माणसं तीच, वावर तेच, गट नंबर वेगळा. असल्या प्रकरणात मोजणीवालाही टेप गुंडाळून चहा मागतो.

मेडनचा सातबारा १९९९नंतर पंचवीस वर्षं शांत होता. सहा नावं, एकही फेरफार नाही. मग जानेवारी २०२३मध्ये निकोला पक्षाघात झाला, उजवी बाजू गेली. तो त्यातून उठला, पुढे जवळजवळ दीड वर्ष दौऱ्यांवर वाजवलं आणि ७ डिसेंबर २०२४ला साओ पाउलोत शेवटचा दौऱ्यातला कार्यक्रम केला. निवृत्ती दौऱ्यांतून, बँड सोडतो असं तो म्हणाला नाही. दौऱ्यावर आता सायमन डॉसन बसतो, हॅरिसच्याच 'ब्रिटिश लायन' या दुसऱ्या बँडमधला. नाव कोणाचं ठेवायचं? मी निकोला कंस केला नाही आणि डॉसनला पेन्सिलनं लिहिलं.

कोतवालकाकांनी चष्मा पुसून पाहिलं. "मालकी याची, वाही त्याची. म्हंजे मक्त्यानं देल्लं." तो प्रश्न त्यांनी एवढ्यात निकाली काढला. मग माझ्या टी-शर्टकडे बोट दाखवलं. "अन् हा कोन?"

"तो एडी, काका. चित्र आहे. १९८०पासून दर अल्बमच्या कव्हरवर असतो, मंचावरही येतो."

"नाव कोनत्या रकान्यात हाये याचं?"

"कोणत्याच नाही."

"इतर अधिकारात?"

"तिथंही नाही."

काकांनी पेन्सिल मागून घेतली आणि समासात सावकाश लिहिलं: अतिक्रमण.