क्रिस स्टेपलटनच्या ‘ट्रॅव्हलर’वरच्या तुमच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार, तुमची कमेंट नीट वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की अमेरिकन कंट्री गायक क्रिस स्टेपलटनचा ‘ट्रॅव्हलर’ हा सहा महिने कुणी न विचारलेला अल्बम एका अवॉर्ड शोमुळे आणि तिथे पॉप स्टार जस्टिन टिंबरलेक त्याच्यासोबत गायल्यामुळे एक नंबरला गेला, म्हणजे हे सगळं मार्केटिंग, आणि त्यातलं सगळ्यात गाजलेलं गाणं ‘टेनेसी व्हिस्की’ तर त्याचं स्वतःचंही नाही. मुद्दे बिनबुडाचे नाहीत, म्हणूनच सविस्तर लिहितोय, पण मला ते पटलेले नाहीत.

आधी ‘कुणी न विचारलेला’ हे बघू. ट्रॅव्हलर मे २०१५ मध्ये आला तेव्हा बिलबोर्ड या अमेरिकन मासिकाच्या कंट्री अल्बम चार्टवर थेट दोन नंबरला आणि मेन चार्टवर, म्हणजे बिलबोर्ड २०० वर, १४ व्या नंबरला होता. पहिल्या सोलो अल्बमला हे वाईट म्हणता येत नाही हो. मग तो खाली गेला, कारण अमेरिकेत कंट्री म्हणजे तेव्हा मोठ्या प्रमाणात रेडिओ, आणि रेडिओवर त्या काळात पिकअप ट्रक, बिअर, शनिवारची पार्टी हाच माल चालत होता, त्यात हा दाढीवाला माणूस घसा फाडून संथ ब्ल्यूजसारखं गाणार, त्याला कोण वाजवणार? ४ नोव्हेंबरला सीएमए अवॉर्ड्समध्ये, म्हणजे कंट्री संगीताच्या मोठ्या पुरस्कार सोहळ्यात, लोकांनी त्याला टीव्हीवर ऐकलं आणि पुढच्या बिलबोर्ड २०० वर, जिथे आदल्या आठवड्यात त्याचं नावही नव्हतं, तो सरळ १ नंबरला. विक्री आणि स्ट्रीमिंग मिळून १,७७,००० युनिट, आणि त्यातले १,५३,००० लोकांनी अख्खा अल्बम पैसे देऊन विकत घेतलेले, नुसतं स्ट्रीमिंग नाही. मार्केटिंगने माणूस एक गाणं फुकट ऐकेल एकवेळ, पण १४ गाण्यांचा अल्बम विकत घ्यायला काहीतरी आत लागावं लागतं. आणि एका रात्रीचीच हवा असती तर २०१६ या अख्ख्या वर्षाच्या कंट्री अल्बम यादीत तो पहिला आला नसता.

आता ‘रातोरात’. हा माणूस केंटकीचा, वडील कोळसा खाणीत इंजिनिअर, स्वतः इंजिनिअरिंग शिकायला नॅशव्हिलला, म्हणजे कंट्री संगीताच्या राजधानीला, आला आणि ते सोडलं. २००१ पासून तिथे पगारी गीतकार. जॉश टर्नरचं ‘युअर मॅन’, केनी चेस्नीचं ‘नेव्हर वाँटेड नथिंग मोअर’, ल्यूक ब्रायनचं ‘ड्रिंक अ बिअर’, तिन्ही एक नंबरला गेलेली गाणी, तिन्ही लिहिण्यात याचा हात. आणि सीएमएच्या त्या रात्री मेल व्होकलिस्टच्या, म्हणजे सर्वोत्कृष्ट गायकाच्या, नॉमिनेशनमध्ये तोच ल्यूक ब्रायन समोर होता! मधे ब्लूग्रास बँड झाला, रॉक बँड झाला, २०१३ ला काढलेला सोलो सिंगल रेडिओवर आपटला आणि तेव्हा रेकॉर्ड केलेला अल्बम तसाच पडून राहिला. त्याच वर्षी वडील गेले. मग बायको मॉर्गेनने एक जुनी १९७९ ची जीप शोधून दिली आणि दोघं ॲरिझोनाहून ती चालवत नॅशव्हिलला परत आले, वाटेत न्यू मेक्सिकोच्या हायवेवर मॉर्गेन झोपलेली असताना त्याने ‘ट्रॅव्हलर’ हे गाणं रचलं. अशा माणसाला सीएमएमध्ये न्यू आर्टिस्टचं अवॉर्ड मिळालं याचा मला आजही फार आनंद होतो.

‘टेनेसी व्हिस्की’ त्याचं नाही हे शंभर टक्के खरं. डीन डिलन आणि लिंडा हारग्रोव्ह यांचं गाणं, १९८१ ला डेव्हिड ॲलन को आणि १९८३ ला जॉर्ज जोन्सने गायलेलं. पण जोन्सचं ऐका आणि लगेच हे ऐका. जोन्सचं स्वच्छ, सरळ कंट्री. याने चाल संथ केली, जवळजवळ दोनच कॉर्ड्सवर झुलत ठेवली आणि आवाज असा काही फिरवला की ते सोल म्युझिक होऊन गेलं. आपल्याकडे एकच बंदिश दोन घराण्यांत ऐकणारे लोक ‘ही तर जुनीच चीज’ म्हणून उठून जातात का? आणि अल्बमच्या १४ पैकी १२ गाणी त्याने लिहिलेली किंवा सहलिखित आहेत, ते का विसरायचं?

टिंबरलेकचा फायदा झाला हे मान्यच. पण तो मेम्फिसचा, म्हणजे ब्ल्यूज आणि सोलच्या शहराचा, पोरगा आहे, हे संगीत त्याला परकं नाही, आणि त्या परफॉर्मन्समध्ये लोक ज्याच्यासाठी उभे राहिले तो आवाज स्टेपलटनचाच होता.

एक विनंती. टेनेसी व्हिस्की बाजूला ठेवा आणि याच अल्बममधलं ‘व्हिस्की अँड यू’ हेडफोन लावून ऐका. एक गिटार आणि एक आवाज, बाकी काही नाही, श्वाससुद्धा ऐकू येतात. हेही मार्केटिंगच वाटलं तर इथेच खाली लिहा, मी नक्की वाचणार.