इकडून ओके आहे

‘टेलिफोन एक्स्चेंज अद्ययावत करण्यात येत असल्याने सेवेत तात्पुरता व्यत्यय येईल’ असा मेसेज आला आणि माझ्या पोटात गोळा आला. व्यत्ययाचं काही नाही, त्याची सवय आहे. भीती वाटते ती ‘अद्ययावत’ची. आमच्या भागात रस्ता अद्ययावत झाला तेव्हा नळाचं पाणी गेलं होतं आणि नळ अद्ययावत झाले तेव्हा रस्ता गेला होता.

आमचा राउटर बाहेरच्या खोलीतल्या कपाटावर असतो. मूळचा पांढरा, आता पिवळा. एक अँटेना सेलोटेपच्या आधारावर. त्याच्यावर धूळ बसू नये म्हणून आई क्रोशाचा रुमाल घालते, तो तापू नये म्हणून मी रुमाल काढतो, आणि आम्ही दोघंही याविषयी एकमेकांशी काही बोलत नाही. त्याच्या उबेला मागे एक पाल राहते. शंकेची की कसली ते ठाऊक नाही, पण मी कस्टमर केअरशी बोलत असलो की नेमकी चुकचुकते.

तर एक्स्चेंज अद्ययावत झालं आणि राउटरचा डीएसएलचा, म्हणजे फोनच्या तारेतून येणाऱ्या इंटरनेटचा, दिवा लुकलुकायला लागला. मधेच स्थिर व्हायचा, पाच-दहा मिनिटं नांदायचा, पुन्हा लुकलुक. कस्टमर केअरची मुलगी अतिशय गोड बोलली. “सर, मोडेम बंद करून चालू केलात का?” केला. “दिवा स्थिर आहे की ब्लिंक होतोय?” होतोय. “मोडेम किती जुना आहे, सर?” इथे मी जरा चाचरलो. वधूपक्षाने मुलाचं वय विचारावं आणि मुलाच्या मामाने पंचांगाकडे बघावं, तसं झालं. वय सांगितल्यावर पलीकडून जो ‘अच्छा’ आला, त्यातच निकाल लागला होता. “सर, इकडून लाइन ओके दाखवतेय.”

या ‘इकडून ओके आहे’ला तोड नाही. कस्टमर केअरकडून ओके असतं. एक्स्चेंजमध्ये ज्या फ्रेमवर सगळ्या तारा येऊन बसतात त्या एमडीएफवरून ओके असतं. कोपऱ्यावरच्या पिलरवरून, म्हणजे तारांच्या कपाटावरून, ओके असतं. खांबावरच्या डीपीत, म्हणजे घराघरांत तारा वाटणाऱ्या डब्यात, ओके असतं, मग त्या डब्याला झाकण नसेना का. सगळीकडून ओके निघालेला सिग्नल माझ्या उंबऱ्यात येऊन बिघडतो.

लाइनमन आले तेही यंत्र लावून म्हणाले, “साहेब, टोन क्लियर आहे. तुमच्या आतलं वायरिंग बघा. नाहीतर हा डबा बदला.” भाचा म्हणाला, “मामा, हा म्युझियमला द्या.” शेजारच्या काकांनी तर त्यांच्याकडच्या फायबरच्या वेगाचा आकडा दारात उभं राहून मोठ्याने सांगितला. गुन्हा सिद्ध व्हायच्या आतच फाशीची तयारी झालेली बघून मात्र मी इरेला पेटलो.

ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकून राउटरच्या पोटात शिरलो. युजरनेम ॲडमिन, पासवर्डही ॲडमिन; भारतातल्या निम्म्या घरांची कुलपं याच किल्लीने उघडत असावीत. आत दोन आकडे महत्त्वाचे. पहिला अटेन्युएशन, म्हणजे तारेतून येताना सिग्नल किती दमला. तो आमचा ५६ डेसिबल. साठीच्या पलीकडे लाइनची आशाच सोडायची असते. नकाशावर एक्स्चेंज जेमतेम दीड किलोमीटर आहे, पण तांब्याची तार कुणाकुणाच्या घरावरून, बोळांतून, जांभळाच्या झाडाला टेकत येते आणि चारेक किलोमीटर फिरते. दुसरा आकडा एसएनआर मार्जिन, म्हणजे गोंगाटाच्या वर सिग्नलने किती डोकं काढलंय. तो सहाच्या वर असला तर बरं. आमचा सहावरून चार, चारवरून तीन आणि मग दिवा लुकलुक.

घोळ इथेच होता. एक्स्चेंजमधल्या जुन्या यंत्रावर लाइन जुन्या पद्धतीने चालायची. जी डॉट डीएमटी तिचं नाव, कमाल वेग ८ एमबीपीएस. नव्या यंत्रावर एडीएसएल टू प्लस आलं, कमाल वेग २४. पण हे २४ एक्स्चेंजला खेटून राहणाऱ्यांचे. आमच्यासारख्या शेवटच्या टोकाच्या लोकांना त्यातलं फारसं काही मिळत नाही. उलट वेग ओढायच्या नादात लाइन सुरक्षित अंतर सोडून धावते आणि जरा खुट्ट झालं की तोंडावर पडते. शिवाय हा सिग्नल ज्या पट्ट्यात धावतो, त्यातच रेडिओच्या मध्यम लहरी आहेत. आकाशवाणीचं पुणे केंद्र ७९२ किलोहर्ट्झवर, म्हणजे ऐन माझ्या डाउनलोडच्या वाटेत. सकाळच्या भक्तिसंगीतावर संशय घ्यायची वेळ आली होती.

खरा खुट्ट मात्र घरातच होता. बाबांच्या खोलीत जुना चकतीचा फोन आहे, पॅरलल जोडलेला. त्यावरून फोन लागत नाही, पण आलेला घेता येतो, आणि त्याची घंटा गल्लीच्या टोकापर्यंत जाते. घंटा वाजवायला एक्स्चेंज तारेवर पाऊणशे व्होल्टच्या आसपास दाब सोडतं. बाहेरच्या खोलीतल्या फोनला स्प्लिटर, म्हणजे फोन आणि इंटरनेटचे सिग्नल वेगळे करणारी डबी, होता, बाबांच्या फोनला काहीच नव्हतं. जुन्या पद्धतीत लाइन हा धक्का पचवायची. आता फोन वाजला की इंटरनेट गेलंच.

आणि फोन कुणाचा यायचा? कंपनीचाच! तक्रार नोंदवली की डॉकेट नंबर मिळतो. तो मिळाला की ध्वनिमुद्रित बाई फोन करून विचारतात, “आपली इंटरनेट सेवा सुरळीत झाली आहे का?” फोन वाजेपर्यंत झालेली असायची. बाईंनी विचारलं म्हणून बंद पडायची. मी चिडून ‘नाही’चं बटण दाबायचो, तक्रार पुन्हा उघडायची, आणि उद्या पुन्हा बाईंचा फोन. कंपनीने माझी लाइन माझ्याच तक्रारीने पाडायची इतकी सुबक सोय केली होती की थोडा आदरही वाटायला लागला.

(मधल्या मधे एक माहिती. सरकारच्या २००४च्या धोरणात २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हणत. २०२३ साली ही किमान मर्यादा २ एमबीपीएस झाली. नव्या व्याख्येत मी जेमतेम बसतो, तेही फोन वाजत नसेल तर.)

शेवटी बाजारातून एक मायक्रोफिल्टर, म्हणजे स्प्लिटरचाच धाकटा भाऊ, आणून बाबांच्या फोनला लावला. दुकानदाराने तो सर्वांत खालच्या खणातून, फुंकर मारून दिला. राउटरच्या सेटिंगमध्ये ‘ऑटो’ काढून जी डॉट डीएमटी केलं, म्हणजे नव्या एक्स्चेंजशी जुन्याच भाषेत बोल असं त्याला बजावलं. वेग थोडा कमी झाला, मार्जिन नऊवर गेलं, दिवा स्थिर. घंटा वाजवून पाहिली, दिवा ढिम्म हलला नाही. मी भाच्याकडे बघितलं. भाचा मोबाइलकडे बघत होता.

दुपारी बाईंचा फोन आला तो बाबांनी घेतला. “समाधानी असाल तर एक दाबा.” बाबांनी मोठ्या आनंदाने चकतीत बोट घालून एक फिरवला. चकती घरंगळत परत आली. पण बाईंना बटणाचा सूर लागतो, चकतीची टिकटिक कळत नाही. “क्षमस्व, आपण पर्याय निवडलेला नाही.” बाबांनी पुन्हा फिरवला. पुन्हा क्षमस्व. मग बाबांनी त्यांना तोंडी सांगून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी लाइनमन हजर. “साहेब, तुमची तक्रार अजून पेंडिंग दिसतेय. साहेबांचा मला फोन आला.” मी म्हटलं, सगळं उत्तम चाललंय. त्यांनी अविश्वासाने रुमाल उचलून राउटर पाहिला, रुमाल नीट परत घातला आणि आईने दिलेला चहा बशीत ओतला.

“उत्तम कसलं, साहेब? डबा जुना झालाय. बदलून टाका आता.”

मग त्यांनी खिशातून मोबाइल काढला, हात वर करून खोलीभर फिरवला, खिडकीपर्यंत जाऊन आले.

“तक्रार ॲपमधून बंद करावी लागते हो. आणि तुमच्याकडे रेंजच नाही. जरा वायफायचा पासवर्ड देता का?”